तिसरी सही

बँकेत चौतीस वर्षे मी सह्या जुळविल्या. धुळ्याचे थोरले बंधू वडिलोपार्जित दुकानाच्या भाड्यातील माझा वाटा धनादेशाने पाठवीत. त्यांवरील सही वर्षागणिक बारीक होत गेली, ते मात्र मला वयाचे वाटले. पार्किन्सनमध्ये हात थरथरण्याआधीही अक्षर आक्रसू शकते, हे पुढे डॉक्टरांकडून कळले.

यंदा दिवाळीत दादा जळगावला आले, ते रक्तचाचणीचा अहवाल घेऊनच. युरिक आम्ल कमी होते. "हे वाढवले तर आजार थांबेल ना रे?"

प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. पेशींना झिजविणारा ऑक्सिडेटिव्ह ताण युरिक आम्ल कमी करते. ज्यांच्या रक्तात ते अधिक, त्यांचा आजार सावकाश वाढतो, असे अभ्यासांत दिसले होते. म्हणून अमेरिकेत २९८ रुग्णांपैकी निम्म्यांना ते वाढविणारे इनोसिन देऊन पाहिले. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आम्ल वाढले, आजाराची गती मात्र मंदावली नाही; उलट मूतखडे अधिक झाले. खातेवहीतला आकडा वाढवून तिजोरीतली रोकड वाढत नाही. तरी हे वाचण्यापूर्वी मीही चार दिवस त्याच आशेवर होतो.

दादांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गोळीची वेळ झाली, पाणी दे."

पुढच्या आठवड्यात धुळ्याला त्यांच्या बँकेत नमुना सही बदलायला गेलो. कार्डावर त्यांनी तीनदा सही केली. तिसरी सर्वांत लहान होती.