उन्हाचं माप

आमच्या घरात ऊन म्हणजे काळं पडणं. आम्हां भावंडांना उन्हाचा दुसरा अर्थ ठाऊक नव्हता. सोलापूरचा मे महिना, घराबाहेर पाऊल टाकलं की अम्मी ओरडायची, "धूप में नक्को फिरो, काले पडते!" ऊन भाजतं, हे आम्हाला छोटीमुळं कळलं. तेही आमच्याच हातून ती भाजल्यावर.

नववीत असताना छोटीच्या ओठाच्या कडेला पांढरा ठिपका उमटला. मग डोळ्यांखाली, बोटांवर. कोड. काळं पडायला घाबरणाऱ्या घराला पांढऱ्या डागांनी रडवलं. कोड कुणाला लागत नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा होतात, एवढंच. पण पैगाम घेऊन येणाऱ्यांना हे 'एवढंच' कोण समजावणार?

कुणीतरी बावचीचं तेल सुचवलं. लावा आणि उन्हात बसवा. किती लावायचं, किती वेळ बसवायचं, हे ना त्यानं सांगितलं, ना आम्ही विचारलं. एप्रिलच्या दुपारी आम्ही तिला गच्चीवर बसवलं. "आग होतेय," ती म्हणाली. "थोडं सोस, गुण येतोय," आम्ही म्हणालो. दुसऱ्या दिवशी गालावर, हातांवर टरारून फोड आले. तिच्या लग्नाची काळजी आम्हाला इतकी होती, की तिचं रडणं ऐकू आलं नाही.

त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाई रागावल्या, मग समजावू लागल्या. बावचीत सोरालेन असतं. ते लावल्यावर त्वचेला ऊन कैक पटीनं बाधतं. उपाय खोटा नव्हता. तेराव्या शतकात इब्न अल-बैतार या हकिमानं आत्रिलालच्या बिया आणि ऊन यांचा कोडावरचा उपचार लिहून ठेवला आहे. त्याच वनस्पतीतल्या द्रव्यावर 1940 च्या दशकात कैरोत डॉ. अल-मोफ्ती यांनी संशोधन केलं. आज दवाखान्यात किरण मोजूनच देतात. "तुम्ही औषध घेतलंत, माप घेतलं नाहीत," बाई म्हणाल्या. एरवीच्या उन्हासाठी त्यांनी सनस्क्रीन लिहून दिलं. डागांच्या जागी मेलॅनिन नाही, म्हणजे त्वचेची स्वतःची छत्रीच नाही.

अब्बांनी ट्यूब उलटसुलट करून पाहिली. "ही गोरं व्हायची क्रीम ना?" नाही. ही रंग बदलत नाही, किरण अडवते. एसपीएफ 30 म्हणजे भाजणारे सुमारे 97 टक्के यूव्हीबी किरण अडतात. पण हा आकडा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम थर देऊन काढलेला असतो. आम्ही मात्र ट्यूब महाग म्हणून वाटाण्याएवढं लावत होतो. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं हवं, दर दोन तासांनी पुन्हा हवं. यूव्हीए किरण काचेतूनही येतात. म्हणजे एसटीच्या खिडकीशी बसतानाही हवंच. इथंही चूक मापाचीच होती.

अम्मीचा प्रश्न वेगळाच. "ये लगाके वजू होता क्या गे?" थराखाली पाणी पोचलं नाही तर? छोटीनंच तोड काढली. जोहरच्या आधी साबणानं तोंड-हात धुवायचे, वजू करायची, नमाजनंतर पुन्हा लावायचं. असरलाही तसंच. मधल्या वेळात उन्हात निघाली तर आणखी एकदा. पुढं अम्मीही लावू लागली. बुरख्यातूनही तिचा चेहरा आणि हात उघडेच असतात, हे इतकी वर्षं आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

डाग पुरते गेले नाहीत. काही भरले, काही राहिले. छोटी शिक्षिका झाली. पैगाम येऊन परत गेले, तेव्हा ती आमच्याइतकी रडली नाही. मे 2024 मध्ये लोकसभेच्या निवडणुकीची ड्यूटी लागली. भर उन्हात निघायचं होतं. आमच्यातलं कुणीतरी सवयीनं म्हणालं, "रद्द करून घे. लोक बघतात."

"बघू देत," ती म्हणाली आणि छत्री उचलली.

अम्मी दारात उभी होती. पाण्याची बाटली तिच्या हाती देत तिनं एवढंच विचारलं, "दो उंगली लगाई ना?"