ठिपका आणि ठिकाण

लेखकाचे स्मरण म्हटले की पुतळा, कोनशिला किंवा जतन केलेले घर आपल्या डोळ्यांसमोर येते. अलीकडे त्यात डिजिटल नकाशाची भर पडली आहे. ठिपक्यावर बोट ठेवताच लेखकाशी निगडित स्थळाची माहिती समोर यावी, ही कल्पना मला प्रिय आहे. परंतु ती आपल्याकडून सचोटीची अपेक्षा करते.

केशवसुतांचेच उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १८६६ साली झाला. रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथील त्यांचे घर आज स्मारकरूपाने जपलेले आहे. तेथे ठिपका निर्धास्तपणे देता येतो. ‘तुतारी’चे काय? ही कविता १८९३ साली मुंबईत लिहिली गेली. पुढे शिक्षकी पेशामुळे केशवसुत फैजपूरला व धारवाडला राहिले आणि १९०५ मध्ये हुबळी येथे प्लेगने त्यांचे निधन झाले. स्मरण जन्मघरापुरतेच राहिले, तर पोटासाठी गावोगाव फिरलेला हा कवी दृष्टीआड होतो. नकाशा त्याची वाट पुन्हा दाखवू शकतो.

मात्र संगणकाला अक्षांश-रेखांश हवे असतात आणि आपल्या हाती पुष्कळदा केवळ शहराचे नाव असते. शहराच्या मध्यभागी ठिपका ठेवला, तर पाहणाऱ्याला तेच कवीचे घर वाटते. नकाशाचा नेमकेपणा आपल्या माहितीहून अधिक असता कामा नये. ‘शहर निश्चित, जागा अनिश्चित’ अशी नोंद मला खोट्या ठिपक्याहून अधिक आदराची वाटते.

काही आयुष्ये तर ठिपक्यात मावतच नाहीत. अण्णा भाऊ साठे यांचे कुटुंब वाटेगावहून मुंबईला पायी आले. पुढे ते घाटकोपरच्या चिरागनगर वस्तीत राहिले. तेथे ठिपक्यांइतकीच त्यांना जोडणारी रेषाही बोलते.

पुतळ्यासाठी जागा, पैसा आणि मंजुरी लागते. नकाशावरील नोंदीला जाणकार माणूस पुरतो. म्हणून उपेक्षित लेखकाच्या स्मरणाचे हे काम तुमच्याही आवाक्यातले आहे. आपल्या तालुक्यातील एक लेखक निवडा, वडीलधाऱ्यांना विचारा, प्रत्येक माहितीचा आधार लिहून ठेवा. आणि ठिपका देण्यापूर्वी त्या लेखकाचे निदान एक पुस्तक वाचा. न वाचलेल्या लेखकाचे ठिकाण हा केवळ पत्ता असतो.