माजानंतरचे दोन महिने

ऐरोलीत सकाळी खाडीकडच्या रस्त्याला निघालं की दोन तऱ्हेच्या कुत्र्या भेटतात. एक पट्ट्याला बांधलेली, लसी वेळच्या वेळी झालेली, अंगाला शाम्पूचा वास. दुसरी सोसायटीच्या गेटशी पसरलेली, कानाला खाच असलेली. ती खाच म्हणजे नसबंदी झाल्याची खूण. भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचे नियम २००१ मध्ये आले, २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. या शस्त्रक्रियेत मादीचं अंडाशय आणि गर्भाशय सहसा दोन्ही काढतात. त्यामुळे पिशवीत पू होण्याचा आजार, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत पायोमेट्रा, रस्त्यावरच्या त्या कुत्रीच्या वाटेला जवळजवळ जात नाही. तो गाठतो घरातल्या लाडकीला. त्याची लक्षणं काही अगदीच छुपी नसतात, तरी घरात तो उशिरा कळतो. माझ्या मते त्याचं कारण एकच आहे: लक्षणं घरातल्या चार माणसांत वाटली गेलेली असतात आणि माजाची तारीख कुणीच लिहून ठेवलेली नसते.

घरातल्या कुत्रीचं आयुष्य साधारण ठरलेल्या वळणानं जातं. दीड-दोन महिन्यांची असताना ती घरी येते, वर्षाची होईपर्यंत बहुतेक वेळा पहिल्यांदा माजावर येते आणि पुढे दर सहा-सात महिन्यांनी येत राहते. उतारवयात बाईची पाळी थांबते तशी तिची थांबत नाही. माज तीनेक आठवड्यांत ओसरतो, फरशीवरचे डाग बंद होतात आणि घरचे सुटकेचा निःश्वास सोडतात. शरीराच्या आत मात्र खरं काम तेव्हाच सुरू झालेलं असतं. गाभण राहिलेली असो वा नसो, कुत्रीच्या शरीरात पुढचे जवळजवळ दोन महिने प्रोजेस्टेरॉन भरपूर असतं. ते गर्भाशयाचं अस्तर जाड करतं, त्यात स्राव साठवतं, स्नायूंची हालचाल मंद करतं आणि तिथली प्रतिकारशक्तीही कमी करतं. ही सगळी तयारी गर्भासाठी असते. माजात गर्भाशयाचं तोंड उघडं असताना कुत्रीच्याच आतड्यातले ई. कोलाय जंतू वर चढलेले असले, तर तीच तयारी त्यांच्या उपयोगी पडते. दर माजाला हे असंच घडतं आणि अस्तर थोडं थोडं बिघडत जातं, म्हणून वय वाढेल तसा धोका वाढतो. स्वीडनमध्ये पाळीव कुत्र्यांचा विमा सर्रास उतरवतात आणि माद्यांची नसबंदी करण्याची पद्धत तिथे फारशी नव्हती. म्हणून तिथल्या विम्याच्या नोंदींतून नैसर्गिक प्रमाण दिसतं: दहा वर्षांची होईपर्यंत दर चार-पाच कुत्र्यांमागे साधारण एकीला हा आजार होतो. याला दुर्मीळ कसं म्हणायचं?

आता लक्षणं. लोक वाट बघतात ती अंगावरून जाण्याची. पण कुत्री स्वतःला चाटून साफ करते, आणि जे फरशीवर सांडतं ते कामवाल्या मावशींच्या फडक्याबरोबर निघून जातं. बारकाईनं पाहिलं तर शेपटीखालचे केस चिकटून त्यांच्या वाती झालेल्या दिसतात, बसल्या जागी रुपयाएवढा तपकिरी किंवा पिवळसर डाग असतो, आणि त्याला माजातल्या रक्ताला नसणारा घाण वास असतो. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर एवढंही दिसत नाही. तो प्रकार जास्त घातक, कारण पू आतच साठतो, पोट फुगतं आणि पिशवी फुटण्याची भीती असते. दोन्ही प्रकारांत विश्वासाची साक्ष देतं ते पाण्याचं भांडं. जंतूंच्या विषामुळे मूत्रपिंडांना लघवी दाट करता येत नाही. कुत्री सारखी लघवीला जाते आणि तेवढंच पाणी पिते. दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर पाणी जात असेल, म्हणजे २५ किलोची लॅब्रेडॉर अडीच लिटरहून जास्त पीत असेल, तर ते नेहमीचं नव्हे. पण भांडं भरते आजी, रात्री फिरवतो शिफ्टवरून आलेला मुलगा, उलटी पुसतात मावशी आणि जेवण शिल्लक राहिलेलं दिसतं सूनबाईंना. प्रत्येकाला एकेकच गोष्ट दिसते, आणि एकेकटी ती किरकोळच वाटते.

यावर कुणी म्हणेल, मे महिन्यात ऐरोलीच्या दमट उकाड्यात कुठलं कुत्रं जास्त पाणी पिणार नाही? खरं आहे, आणि मधुमेहात, मूत्रपिंडाच्या आजारातही तहान वाढते. म्हणूनच तारीख हवी. माज संपून दोन-तीन आठवडे ते दोन-अडीच महिने झालेत, आणि तहान, मरगळ, अन्नावरची वासना उडणं यांतल्या दोन गोष्टी जुळल्या, तर उन्हाळ्याला दोष देऊन थांबू नये. दुसरी शंका खोट्या गाभणपणाची. तोही याच सुमारास येतो, आचळात दूध उतरतं, कुत्री खेळणं उराशी धरून कोपऱ्यात बसते. पण त्यात पुवाचा स्राव नसतो आणि तहानही अशी अचानक दुप्पट होत नाही. ताप नाही म्हणून निर्धास्त होणंही चूक. कित्येकींचं तापमान नेहमीइतकंच असतं, फार आजारी असलेलीचं तर उतरतंही. सोनोग्राफी आणि रक्ततपासणीनं बहुतेकदा निदान पक्कं होतं. आधी चार दिवस गोळ्या देऊन बघू, हा सल्ला मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण नुसत्या प्रतिजैविकांनी साठलेला पू निघत नाही. रात्री ऐरोली पुलावरून मुलुंडमार्गे परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय गाठायचं, तर ती धावपळ कुत्रीला उभं राहता येतंय तोवर केलेली बरी.

म्हातारीला भूल सोसेल का, हा प्रश्न प्रेमापोटीच येतो आणि त्याची थट्टा करू नये. पण तुलना निरोगी म्हातारीच्या भुलीशी नाही, पोटात पू घेऊन बसलेलीशी करायची आहे. वेळेत पिशवी काढलेल्या बहुसंख्य कुत्र्या वाचतात. औषधांनी गर्भाशय रिकामं करण्याचे उपचार आहेत, पण ते तरुण, पिल्लं हवी असलेल्या आणि फार खालावलेल्या नसलेल्या मादीसाठी. पुढच्या माजात आजार उलटण्याचा संभवही राहतो. मग आधीच नसबंदी का करू नये? त्याविरुद्धचे सगळेच मुद्दे पोकळ नाहीत. नसबंदीनंतर वजन वाढतं, काहींची लघवी झोपेत गळते, आणि गोल्डन रिट्रीव्हरसारख्या मोठ्या जातींत फार लवकर केलेल्या शस्त्रक्रियेचा संबंध सांध्यांच्या तक्रारींशी दिसला आहे. म्हणून वय जातीप्रमाणे डॉक्टरांशी बोलून ठरवावं. वजनाचं म्हणाल तर ते जेवण मोजून देण्यावर आहे. एकदा पिल्लं होऊ द्यावीत म्हणजे पिशवी साफ होते, ही समजूत मात्र सोडायला हवी. बाळंतपणानं मिळणारा आधार अपुरा असतो, आणि पिल्लांना घरं शोधण्याचं ओझं वेगळंच. माज लांबवायला किंवा नको असलेला गाभ टाळायला दिलेली संप्रेरकांची इंजेक्शनं तर धोका वाढवतात. असं इंजेक्शन कधी दिलं असेल, तर डॉक्टरांना माजाच्या तारखेबरोबर तेही सांगायला हवं.

नसबंदी झालेल्या कुत्रीच्या घरी माजाच्या तारखा लिहून ठेवाव्या लागत नाहीत. अपवाद एवढाच की अंडाशयाचा तुकडा आत राहिला, तर तिच्या मागे पुन्हा नर लागतात, माजाची चिन्हं दिसतात, आणि गर्भाशयाच्या उरलेल्या टोकाशी पू होऊ शकतो. तसं दिसलं तर शस्त्रक्रियेचे कागद घेऊन डॉक्टरांकडे जावं.