हललेलें छायाचित्र

पस्तीस वर्षें शाळेंत घालविल्यामुळें मला अस्पष्टतेचा मनापासून तिटकारा. मुलांचें अक्षर गिचमिड दिसलें कीं मी तांबड्या शाईची रेघ ओढीत असें. निवृत्तीनंतर दैवानें माझीच परीक्षा घेतली. उजव्या हाताला कंप सुटला. सही वांकडी येऊं लागली, तेव्हां पत्रें लिहिणेंहि मीं सोडून दिलें.

गेल्या मे महिन्यांत नात कॅमेरा घेऊन कोंकणांत आमच्या घरीं आली. सकाळीं आगरांत पोफळींसमोर उभी राहून ती मुद्दाम कॅमेरा हलवीत छायाचित्रें घेत होती! "अग, हात स्थिर ठेव," मी म्हणालों. ती हंसून म्हणाली, "आजोबा, हलवायचाच आहे."

मग तिनें ती कृति समजावून सांगितली. वाचकांपैकीं कोणाला करून पाहावयाची असल्यास येथें देतों. एरवीं शटर सेकंदाच्या शंभराव्या-दोनशेंव्या भागापुरतें उघडतें. येथें तें सुमारें अर्धा सेकंद उघडें ठेवावयाचें. प्रकाश अधिक होऊं नये म्हणून भिंगाचें द्वार बारीक करावयाचें. शटर उघडण्यापूर्वींच हात हलवूं लागावें, आणि तें मिटल्यावरहि एकदम थांबूं नये. ज्या दिशेनें हात जातो त्या दिशेच्या रेषा टिकतात, आडव्या पुसल्या जातात. म्हणून पोफळींसाठीं हात वरून खालीं, समुद्रासाठीं क्षितिजाला समांतर. वस्तूची स्वतःची दिशा ओळखल्यावांचून तिला पुसणेंहि साधत नाहीं!

चित्र पाहिलें. हिरव्या-करड्या उभ्या पट्ट्या, मधून उन्हाचे पिवळे ओघ. पान एकहि दिसेना, परंतु सकाळचें आगर मात्र तेंच. न्यायशास्त्रांतील निर्विकल्पक ज्ञान मला आठवलें. 'ही पोफळ' असें नांव व जाति जोडण्यापूर्वीं वस्तूची जी पहिली जाणीव होते, ती अशीच असावी.

हा केवळ आजचा चाळा नव्हे. पॅरिसमध्यें १८७४ सालीं मोने प्रभृति चित्रकारांनीं प्रदर्शन भरविलें, तेव्हां 'इम्प्रेशन' या शब्दावरून त्यांची थट्टा झाली. योगायोग असा कीं, ती जागा नादार या छायाचित्रकाराचा पूर्वीचा स्टुडिओ होती. पुढें व्हिएन्ना येथें जन्मलेल्या अर्न्स्ट हास यानें स्पेनमधील माणूस व बैल यांच्या झुंजींचीं रंगीत चित्रें मंद शटरनें घेतलीं. १९५७ सालीं तीं 'लाइफ'मध्यें प्रसिद्ध झालीं. तेथें आकृति विरघळून गतीच उरली आहे.

मींहि कॅमेरा हातीं घेतला. पहिलीं चित्रें नुसतीं गढूळ. "आजोबा, थरथरणें वेगळें आणि हलविणें वेगळें," नात म्हणाली. खरेंच, एकांत हेतु नाहीं, दुसऱ्यांत आहे. कितीदां तरी फसल्यावर हात एका ओघांत खालीं आला. कंप चित्रांत राहिला, पण पोफळींच्या कडांना वारा लागावा तसा.

त्या रात्रीं मीं खणांतून एक जुनें छायाचित्र काढलें. तीस वर्षांपूर्वीं मींच घेतलेलें. ताट वाढतां वाढतां पत्नी वळून हंसली आणि चित्र हललें. बिघडलें म्हणून मीं तें अल्बममध्यें लावलें नव्हतें. अल्बममध्यें ती सर्वत्र ताठ बसलेली आहे. जिवंतपणीं ती तशी कधीं बसली नाहीं. कला म्हणून त्या चित्राला मी आजहि गुण देणार नाहीं. परंतु तिची लगबग तेवढ्या एकाच चित्रांत उरली आहे.

दुसऱ्या दिवशीं नातीनें तें चौकटींत बसविलें. मागें तिच्या आजीचें नांव मीं स्वतःच्या हातानें लिहिलें. अक्षर वांकडें आलें. तांबडी रेघ मात्र मीं ओढली नाहीं.