सार्टोरियसच्या आड

शरीररचनेच्या पुस्तकात धमनी लाल असते, शीर निळी आणि नर्व्ह पिवळी. फॉर्मॅलिनमध्ये मुरलेल्या देहात यातला एकही रंग नसतो. सगळं एकाच मातकट छटेचं. पहिल्या वर्षाला आमच्या टेबलावर मांडीचं डिसेक्शन सुरू झालं, तेव्हा बोटांनी ओळखायला शिकणं भागच पडलं. धमनीची भिंत जाड. चिमटीत धरली की गोल लागते. शीर पातळ, चपटी पडलेली, आत काळपट गोठलेलं रक्त. नर्व्ह भरीव आणि चिवट. जरा ताणली की तिच्यातले उभे तंतू दिसतात. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरत असायचे, तरी हा फरक हाताला कळू लागला तेव्हा मला फार आनंद झाला होता.

कातडी आणि चरबी बाजूला केली की फॅसिया लाटा लागतो, मांडीभोवती घट्ट गुंडाळलेला पांढरा जाड पडदा. तो उघडला की सगळ्यात वर सार्टोरियस. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून तिरका उतरत गुडघ्याच्या आतल्या बाजूला पोचणारा हा अरुंद पट्टा शरीरातला सर्वांत लांब स्नायू आहे. आपण पंगतीला मांडी घालून बसतो तेव्हा खुब्यात आणि गुडघ्यात पाय दुमडायला तो हातभार लावतो. पण सर्जनच्या लेखी त्याचं महत्त्व वेगळंच. त्याच्या आडून पायाचा मुख्य रक्तपुरवठा खाली जातो.

जांघेखालच्या त्रिकोणाला इटालियन शरीररचनातज्ज्ञ अंतोनियो स्कार्पा यांचं नाव आहे. वर जांघेचं लिगामेंट, बाहेरून सार्टोरियस, आतून अ‍ॅडक्टर लाँगस. त्यात बाहेरून आत येताना आधी फेमोरल नर्व्ह, मग धमनी, मग शीर. धमनी आणि शीर एकाच आवरणात, नर्व्ह त्याच्या बाहेर. व्हायव्हासाठी हा क्रम सगळेच घोकायचे. आमच्या डेमॉन्स्ट्रेटर मॅडम म्हणायच्या, "घोकू नका. खोलीवर जा आणि स्वतःच्या जांघेत शोधा. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि ओटीपोटाखाली मध्यभागी जिथे हाडं जुळतात ती जागा, या दोन्हींच्या बरोबर मधे." आम्ही मैत्रिणींनी शोधलं. ठोका इतका जोरकस की बोट उचललं जात होतं.

मागची बाजू मी घाईने सांगते, पण सायटिक नर्व्हचा उल्लेख टाळून पुढे जाववत नाही. शरीरातली सर्वांत जाड नर्व्ह, सुमारे दोन सेंटिमीटर रुंद. कुल्ल्यावरचं इंजेक्शन वरच्या बाहेरच्या चतुर्थांशात का द्यायचं, हे ती उघड्यावर पाहिल्यावर कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

पुढे सर्जरीची निवासी डॉक्टर झाले. ऊसतोडीच्या हंगामात एका रात्री बीडकडच्या टोळीतला एक माणूस आला. कोयता मांडीच्या मध्यावर आतल्या बाजूने लागला होता. धोतराचे बोळे दाबून धरलेले, ते रक्ताने निथळत होते. जखमेत चिमटे घालून आंधळेपणाने काही पकडायचं नसतं. शेजारची शीर किंवा नर्व्ह त्यात सापडते. मी जांघेतल्या त्या मधल्या जागेवर तळहाताचा भार दिला. तिथे धमनीच्या मागे हाड आहे, म्हणून ती दाबली जाते. रक्त ओसरलं. ट्रॉलीबरोबर चालत, हात न काढता, मी थिएटरपर्यंत गेले. पाऊल गार होतं आणि पावलावरचा ठोका लागत नव्हता.

सरांनी आधी जखमेला हात लावला नाही. वर त्रिकोणात धमनी मोकळी केली, क्लॅम्प लावला आणि मग तिच्या मागे मागे खाली आले. सार्टोरियस बाजूला ओढला, त्याखालचा पातळ पडदा उघडला आणि अ‍ॅडक्टर कॅनॉल समोर आला. जिवंत मांडीत रंग असतात, पण पुस्तकातले नव्हेत. स्नायू गडद लाल, कॉटरी टेकताच आक्रसणारे. शीर निळसर. धमनी मात्र फिकट गुलाबी, आणि नर्व्ह मोत्यासारखी पांढरी.

या कॅनॉलला जॉन हंटरचंही नाव आहे. 1785 साली लंडनमध्ये एका घोडागाडीवानाच्या गुडघ्यामागची धमनी फुगली होती. मांडी कापून टाकण्याऐवजी हंटरने इथेच धमनी बांधली आणि पाय वाचला, कारण आडवाटेच्या बारीक धमन्यांनी रक्त खाली नेलं. आमच्या रुग्णाच्या बाबतीत त्या भरवशावर राहता येत नव्हतं. धमनी अचानक तुटते तेव्हा त्या बारीक वाटांना रुंदावायला वेळच मिळत नाही.

धमनीची चेचलेली टोकं छाटल्यावर मधे अंतर पडलं. ते भरायला दुसऱ्या पायातली ग्रेट सॅफेनस शीर घेतली. हृदयाच्या बायपाससाठी वापरतात तीच. ती उलटी करून जोडायची, नाहीतर आतल्या झडपा रक्त अडवतात. बारीक निळ्या धाग्याचे टाके पूर्ण झाले, क्लॅम्प निघाले, जोडलेली शीर फुगली आणि उडू लागली. भुलीच्या डॉक्टरांनी रक्ताची आणखी एक पिशवी लावली. चादरीखाली हात घालून मी पाऊल चाचपत राहिले. ठोका आला.

हे काम पडद्यावरच्या त्रिमितीय चित्रांवरून शिकता येतं असं हल्ली ऐकते. चित्रं उत्तमच आहेत, मीही शिकवताना दाखवते. पण पडदा कुठे सुटतो आणि कुठे चिकटून राहतो, किती ओढलं की नर्व्ह विरोध करते, हे मला ज्या देहाने शिकवलं त्याचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. बेवारस मृतदेह शिक्षणासाठी मिळण्याची सोय आपल्याकडे 1949 च्या मुंबई शरीररचना कायद्याने केली. पुढे स्वेच्छेने देहदान करणारे लोकही पुढे आले. त्या माणसाचं ऋण मी मानते, आणि माझ्या विद्यार्थ्यांनीही मानावं यासाठी आग्रह धरते.

तो ऊसतोड कामगार टाके काढायला आला तेव्हा चालत आला. गुडघा पूर्ण सरळ होत होता. "मॅडम, पोटरीला आतून बधिर लागतंय, पार घोट्यापातूर." कोयत्याने सॅफेनस नर्व्ह तुटली होती, कॅनॉलमध्ये ती धमनीला ओलांडूनच जाते. मी पेनने त्यांच्या कातडीवर बधिर भागाची हद्द आखली. ही नर्व्ह कोणताही स्नायू हलवत नाही, त्यामुळे मोळी उचलायला तिची अडचण येणार नाही. पण तिथे पाचटाचं धसकट घुसलं किंवा चुलीचा चटका बसला तर कळणार नाही, म्हणून रोज रात्री पाय उजेडात बघायचा. पाऊल गार किंवा पांढरं पडलं तर गावात वेळ न घालवता थेट इकडे यायचं. त्यांच्या बायकोने हे माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं आणि विचारलं, "टोळी गावाकडं गेल्यावर तिकडच्या डाक्टरला काय सांगायचं?" मी कार्डाच्या मागे मराठीत सगळं लिहून दिलं: कोणती धमनी, कुठे जोडली, कोणत्या पायातली शीर वापरली.