तळ्याकाठचा मुक्काम

उदयपुरास जावयाचे ठरले, की पहिला प्रश्न मुक्कामाचा. महाराणा दुसरे जगतसिंह यांनी पिछोला तलावात बांधविलेल्या जगनिवासाचे १९६३ मध्ये हॉटेल झाले. तो वाडा आपल्यासारख्यांनी काठावरूनच पाहावा. परंतु गणगौर घाट व लाल घाट यांच्या आसपास जुन्या हवेल्यांतून लहान हॉटेले निघाली आहेत. त्यांच्या चित्रांत झरोके असतात, जिने नसतात. जुन्या हवेलीचा जिना अरुंद, पायऱ्या उंच. आणि तळे दिसते ते बहुधा वरच्याच मजल्यावरून.

आमच्याबरोबर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई होत्या. गुडघे थकलेले, पण पाणी पाहण्याची हौस दांडगी. म्हणून बडोद्याहून निघण्यापूर्वी ह्यांनी तीनच गोष्टी विचारल्या: खोली तळमजल्यावर मिळेल काय, रिक्षा दारापर्यंत येते काय, आणि तळ्यात पाणी किती आहे? शेवटचा प्रश्न चमत्कारिक वाटेल. परंतु पिछोला पावसावर भरतो, आणि अवर्षणात त्याचा तळ उघडा पडलेला लोकांनी पाहिला आहे.

घाटाजवळच खोली मिळाली, ती चौकाकडे तोंड असलेली. मुले हिरमुसली. सासूबाई म्हणाल्या, “तळे का खोलीत येणार आहे? आपणच जाऊ.”

तिन्ही दिवस सकाळी त्या काठी टेकीत, कुणाचा हात न धरता घाटावर गेल्या आणि पाण्याकडे पाहत स्वस्थ बसल्या. वरच्या मजल्यावर राहिलो असतो, तर त्या झरोक्यातच अडकून पडत्या. मुक्काम निवडताना खिडकीआधी उंबरठा पाहावा, तो यासाठी.