टेंबलाईची टेकडी

करवीरास पाहुणा आला म्हणजे त्यास अंबाबाईचें देऊळ, रंकाळा व पन्हाळा हीं स्थळें दाखविण्यांत येतात. शहराच्या पूर्वेस असलेल्या टेंबलाईच्या टेकडीकडे त्यास क्वचितच कोणी नेतो. वस्तुतः शहर एका दृष्टिक्षेपांत पाहावयाचें तर येथेंच यावें. उंची फारशी नाहीं. साठी उलटलेल्या माझ्यासारख्यानेंही पायऱ्या चढतां चढतां दोनदां थांबलें कीं पुरे.

देवीचें नांव त्र्यंबोली. टेंबलाई हें रूप लोकांच्या जिभेनें घडविलें. कथा आमच्याकडे सर्वश्रुत आहे. कोल्हासुराचा पुत्र कामाक्ष यानें योगदंडाच्या सामर्थ्यानें देवांचीं मेंढरें करून टाकिलीं, तेव्हां त्र्यंबोलीनें तो दंड हस्तगत करून सर्वांस सोडविलें. पुढें विजयोत्सव झाला, आणि बोलावणें राहिलें तें नेमकें तिचेंच! ती रुसली व करवीराकडे पाठ करून या टेकडीवर येऊन बसली. अंबाबाईस स्वतः समजूत काढण्यास यावें लागलें. म्हणून आश्विन शुद्ध पंचमीस, म्हणजे ललितापंचमीस, अंबाबाईची पालखी येथें येते. कुमारिकेच्या हस्तें कोहळा फोडला जातो व त्याच्या तुकड्यासाठीं एकच झुंबड उडते.

आषाढांतला थाट निराळा. पंचगंगेस नवें पाणी आलें कीं मंगळवारीं व शुक्रवारीं पेठापेठांतून मिरवणुका निघतात. मुलींच्या मस्तकीं कलश, पुढें तें 'पी ढबाक' वाद्य. आणि नदीचें पाणी देवीच्या पायऱ्यांवर ओतावयाचें. याच नदीनें २०१९ व २०२१ सालीं शहरांत शिरून केलेला अनर्थ आम्हीं पाहिला आहे. तरी कलश भरावयाचे राहिले नाहींत.

गेल्या ललितापंचमीस मी एकटाच वर गेलों. वैशाखांत नातवाची मुंज झाली, तिचें आमंत्रण वेगळ्या बिऱ्हाडीं राहणाऱ्या आमच्या वहिनींस द्यावयाचें राहून गेलें होतें. यादी मींच केली होती. त्या एक शब्द बोलल्या नाहींत. मात्र गौरींस आल्या नाहींत. त्या गर्दींत मला कोहळा कोठून मिळणार? एका तरुणानें आपल्यांतला तुकडा काढून दिला. तो उपरण्याच्या टोकास बांधून मी तडक वहिनींच्या दारीं गेलों.

"भावजी, या वयांत चढलांत एवढें?" त्यांनीं तुकडा हातांत घेतला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाल्या, "मुंजीचे लाडू उरलेत का कांहीं?"

वैशाखांतले लाडू आश्विनांत कोठून असणार! दुसऱ्या दिवशीं घरांत पुनः बेसन भाजलें गेलें.